चतुःसीमेवरचे झाड

आमच्या बागेच्या कुंपणाला पूर्वेच्या अंगास दीड हात रुंदीची एक मोकळी जागा आहे. तिला फाटक नाही, ताटी नाही, आडवे लाकूडही नाही. बोरीच्या काट्यांचे कुंपण टेकडीच्या उतारावरून खाली येता येता एका मोहाच्या झाडापाशी थांबते आणि झाडाच्या पलीकडून पुन्हा आपला मार्ग धरते, एवढेच. नवखा पाहुणा बाग पाहत हिंडताना तेथवर आला म्हणजे हमखास म्हणतो, "इथे तुमचे कुंपण तुटले आहे." मी नुसती मान हलवितो. ते तुटलेले नाही, ते मुद्दाम तसे ठेवलेले आहे, आणि दर दोन वर्षांनी काटे नवे करताना ती जागा तेवढीच मोकळी राहील याची मी स्वतः उभा राहून खातरजमा करतो, हे सांगावयाचे म्हटले तर गोष्ट बरीच मागे न्यावी लागते.

वडील पटवारी होते. आमचा चांदा जिल्हा त्या वेळी मध्यप्रदेशात मोडत असे, आणि घरातील लाल कापडाच्या बस्त्यातून खसरा, नकाशा, जमाबंदी, निस्तारपत्रक हे शब्द माझ्या कानांवर पाढ्यांच्याही आधी पडले. मालगुजारी १९५१ साली संपुष्टात आली, आणि पुढल्याच वर्षी वडिलांनी नागभीडहून सिंदेवाहीकडे जाणाऱ्या वाटेला, धानाच्या बांध्या जेथे संपतात आणि साग, ऐन, बिजा यांचे रान जेथे सुरू होते तेथला, टेकडीच्या उतरणीवरचा पाऊण एकराचा बरड तुकडा विकत घेतला. खरेदीखताची नक्कल अजून माझ्याजवळ आहे. चतुःसीमेच्या रकान्यात लिहिले आहे : पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस नाला, उत्तरेस सरकारी जंगल, पूर्वेस मोहाचे झाड. झाडाची अलीकडची बाजू की पलीकडची, याचा खुलासा नाही. झाड हीच सीमा. ज्या माणसाने उभा जन्म जरीब ओढून परक्यांच्या धुऱ्यांचे तंटे निकालात काढले, त्याच्या स्वतःच्या जमिनीची एक बाजू अशी मोघम राहावी याचे मला लहानपणी नवल वाटत असे. आज वाटत नाही.

उतारावर बाग करणे म्हणजे पाण्याशी आणि मातीशी रोज नवा करार करणे. वर हातभर मुरूम, खाली पाषाण. पाऊस पडला की मुरूम खाली निघतो, पाऊस थांबला की पाणी त्याच्याही आधी निघून गेलेले असते. वडिलांनी नाल्यातील दगड वाहून आडव्या पाळी रचल्या, पाळींमागे तलावातील गाळ टाकला, आणि आईने तळाच्या विहिरीवरून घागरी वर नेऊन त्या गाळात जीव ओतला. पहिल्या दोनतीन वर्षांत शहरातल्या एका रोपवाटिकेतून आणलेले गुलाब, डेलिया आणि आणखी कसली कसली नाजूक रोपे लावून झाली. आमच्याकडचा वैशाख असा असतो की शेजारच्या ब्रह्मपुरीत पारा ४७ अंशांपर्यंत चढल्याचे ऐकून कोणी भुवई उंचावीत नाही. त्या उन्हात ती रोपे एकामागून एक जळून गेली, आणि आईने त्यांच्या रिकाम्या आळ्यांकडे पाहून एक दिवस ठरविले की या टेकडीला जे येते तेच आपण लावावयाचे. मग आली जास्वंद, तगर, गुलबक्षी, पारिजातक, मोगरा आणि शेवंती. आणि काही अशी आली की जी कोणी लावलीच नव्हती.

न लावता आलेल्यांत कळलावी माझी विशेष लाडकी. मृगाचा पाऊस होऊन महिना उलटला म्हणजे दगडी पाळीच्या फटीतून तिचा कोंब कधी वर आला ते समजत नाही. समजते ते तिने शेजारच्या करवंदीला धरल्यावर. तिच्या पानाचे टोकच निमुळते होत होत वळते आणि त्याचा एक बारीक वेटोळा होतो. चढण्यासाठी तिला वेगळा तणावा लागत नाही. कळी खाली मान घालून उमलते, पण पाकळ्या मात्र सहाच्या सहा उलट्या वर फिरतात, आणि पहिल्या दिवशी बुडाशी पिवळ्या व टोकाशी तांबूस असलेल्या त्या पाकळ्या दोनतीन दिवसांत अशा लाल होत जातात की चुलीतील निखारा फुंकरीने फुलावा. हिला अग्निशिखा म्हणतात ते रूपावरून, आणि खड्यानाग म्हणतात ते बहुधा कंदातील जहराच्या धाकाने. आई आम्हां मुलांना तिच्यापासून दूर ठेवी. पण उपटून मात्र तिने कधी टाकली नाही. "ती आपल्या आधीची आहे," एवढेच म्हणे.

त्याच दिवसांत टेकडीच्या माथ्यावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले तर रानाच्या हिरव्या पाठीवर जागोजाग दुधाची साय धरल्यासारखी दिसते. तो सागाचा फुलोरा. सागाच्या एकेका फुलाला पाहावयाचे तर ते तीळभर, पांढरे, चटकन नजरेतून निसटणारे; पण हातहातभर लांबीचे त्याचे घोस झाडाच्या अगदी शेंड्यावर, माणसाच्या डोळ्यांपासून जितके दूर ठेवता येतील तितके दूर, भर पावसात फुलतात. आमच्या चांदा जिल्ह्याची सारी कीर्ती सागावर उभी आहे. आलापल्लीच्या सागाने किती बंगल्यांच्या तुळया आणि किती जहाजांचे तक्ते पुरविले असतील! जंगल महकम्याने या झाडाचा घेर मोजला, उंची मोजली, त्याच्या अंगावर हातोड्याचे शिक्के मारले, ओंडक्यांचे लिलाव पुकारले. त्याच्या फुलाची नोंद मात्र मी कोणत्याही दप्तरात पाहिली नाही, आणि पावसाळ्यात वर मान करून ते पाहणारी माणसेही मला फार थोडी भेटली. उतारावरच्या घराची ही एक देणगी आहे : जी झाडे इतरांना खालून दिसतात, ती आम्हांला त्यांच्या माथ्यावरून दिसतात.

भाद्रपद लागला की पारिजातक. हे झाड लोक अंगणातले समजतात, परंतु मुळात ते आमच्या कोरड्या, खडकाळ उतारांचेच आहे. टेकडीच्या मागल्या अंगाला त्याची रानझुडपे आपल्या खरखरीत पानांनिशी अजून उभी आहेत, आणि आश्विनातील पहाटे तिकडून वारा आला तर घरच्या झाडाचा गंध कोणता आणि रानातल्या झाडाचा कोणता हे सांगता येत नाही. आई झाडाखाली जुने धोतर अंथरून ठेवी. गळालेले फूल देवाला चालत नाही हा आमच्या घरातील कडक नियम; त्यातून पारिजातकाला तेवढी सूट. केशरी देठांची ती फुले वेचण्यासाठी आई उकिडवी बसून, गुडघ्यांवर डावा हात टेकवून, उजव्या हाताने अगदी हलके हलके टिपीत जाई, आणि टोपली भरली की त्यातील निम्मी देवघरात व निम्मी भुलाबाईपुढे जात. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आमच्या ओसरीवर भुलाबाई मांडलेली असे. संध्याकाळी वस्तीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन येत, आणि गुलबक्षी नेमकी त्याच वेळी उमलावयास लागलेली असे. आईला घड्याळ कळत नसे. "गुलबक्षी उमलली, पोरी येतील आता," असे म्हणून ती खिरापतीचा डबा खाली काढी.

तगरीची कथा निराळी. ती बारमाही फुलते आणि म्हणूनच तिच्याकडे कोणाचे विशेष लक्ष जात नाही. परंतु वर्षातून एक दिवस तिचा असतो. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्यास धम्मदीक्षा दिली. आणि त्यानंतर त्या सुमारास दर साली खालच्या वस्तीतील माणसे पांढरी वस्त्रे नेसून चांदाफोर्टकडे जाणारी गाडी गाठावयास निघत, ती आधी आमच्याकडे टेकडी चढून येत. पहिल्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ ओसरीखालीच उभे राहून पांढरी फुले मिळतील का, असे विचारते झाले. आई त्यांना वर घेऊन आली, तगरीपुढे नेऊन उभे केले आणि टोपली त्यांच्या हाती दिली. आपल्या हाताने तोडलेली फुले देणे आणि दुसऱ्याला तोडू देणे यांत किती अंतर आहे, हे मला त्या वयात उमजले नव्हते. ते अंतर त्या काळी फार मोठे होते.

दिवाळी झाली, धान कापून खळ्यावर आले, गावोगावच्या मंडया सुरू झाल्या, की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम येतो, आणि रात्र रात्र चालणाऱ्या त्या नाटकांना बायका अंबाड्यात जी फुले माळून जातात ती शेवंतीची असतात. थंडीत शेवंतीच्या वाफ्यापाशी गेले की तिच्या पानांचा तो किंचित कडवट वास आधी येतो आणि मग फूल दिसते. पण हेमंतात माझे मन बागेत फारसे रमत नाही. ते खाली उतरून जाते. धान उभे असतानाच बांधीत फेकून दिलेली लाखोळी कापणीनंतर ओलीवर वाढते, आणि पौषात ती फुलली म्हणजे मालगुजारीच्या वेळच्या मामा तलावाच्या पाळीपासून पार गाडीवाटेपर्यंत निळ्या रंगाची एक झाक भुईवर उतरते. पलीकडे जवसाचे शेत असले तर त्याचा निळा आणखी निवळ, दुपारनंतर मावळून जाणारा. दूर पेरजागडाचा, ज्याला लोक सातबहिणीचा डोंगर म्हणतात त्याचा, माथाही त्या दिवसांत निळा असतो. ही शेते माझी नव्हेत. त्यांच्या फुलांवर माझा काडीचा हक्क नाही, आणि तरी माझ्या बागेचा पौष मला विचाराल तर तो हाच.

माघात गणेर फुलते. उघड्या कातळावर, जेथे गवतही धरत नाही तेथे, एकही पान नसलेल्या वेड्यावाकड्या फांद्यांच्या टोकांवर तळहाताएवढी सोनपिवळी फुले अचानक येतात. आणि मग दहापंधरा दिवसांनी सारे रान पळसाने पेटते. पळसाची कळी मी अनेकदा बोटांत धरून पाहिली आहे. तिचा देठाकडचा पेला काळसर, मखमली, जवळजवळ शोकाकुल दिसणारा, आणि त्यातून बाहेर येणारी ती शेंदरी चोच. शिंजीर पक्षी तिच्यात चोच घालण्यासाठी कधी फांदीला उलटा लोंबतो, कधी जागच्या जागी फडफडतो. पळस आमच्या कुंपणाबाहेरच आहेत. परंतु होळीच्या आधी आई मला त्यांची गळालेली फुले गोळा करावयास पाठवी आणि मोठ्या पातेल्यात उकळून त्यांचा केशरी रंग काढी. पोळ्याला दारात खोचावयाच्या डहाळ्या त्याच झाडांच्या, श्राद्धाच्या पत्रावळी त्यांच्याच पानांच्या. आमच्याकडे फूल नुसते पाहण्याची वस्तू म्हणून फार काळ राहत नाही. ते हातात येते, पातेल्यात जाते, अंगावर उडते.

आणि चैत्रात मोह.

मोहाचे फूल रात्री उमलते आणि पहाटे गळते. पानगळ झालेल्या फांद्यांच्या टोकाला तांबूस लव असलेल्या कळ्यांचे झुबके लोंबत असतात. त्यांतून फिकट, रसाळ, मण्यासारखे पोकळ फूल सुटून खाली येते आणि वाळल्या पानांवर 'टप्' असा आवाज होतो. मग बराच वेळ काही नाही. मग दोन एकदम. अंथरुणात पडल्या पडल्या हा आवाज मोजीत मी लहानाचा म्हातारा झालो. फूल उचलून पाहावे तर ते इतर फुलांसारखे हाताला लागतच नाही. ते फळासारखे लागते, बोटांना चिकटते, आणि त्याचा तो उग्रगोड, पिकलेला वास दिवसभर हातावरून जात नाही. या फुलासाठी अस्वल येते, हरणे येतात, आणि माणसे येतात. वाळविलेला मोह हे येथल्या गोंड आणि माडिया घरांचे धान्य आहे. पावसाळ्यात कणगीचा तळ दिसू लागला म्हणजे त्याने चुली पेटत्या ठेवल्या आहेत. नवे फूल, नवे फळ आधी देवाला दाखवून मगच घरात घ्यावयाचे, अशी त्यांची रीत. माडिया मंडळी अशा सणांना पंडुम म्हणतात. सरकारांना मात्र या फुलात नेहमी दारूच तेवढी दिसली. मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहाची फुले जवळ बाळगण्यावर निर्बंध घालणारा खास कायदा झाला होता. फुलाच्या विरुद्ध कायदा! मी तो मजकूर प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

जमीन घेतल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात वडिलांनी काट्यांचे कुंपण घातले, तेव्हा ते मोहाला वळसा घालून, झाड आत घेऊन बांधले गेले. त्यात लोभ नव्हता; सरळ रेघेची सवय होती. चैत्रात एके पहाटे एक गोंड बाई, कमरेला टोपले लावून, नेहमीप्रमाणे झाडाखाली आली, आणि वाटेत काटे पाहून थांबली. तिने हाक मारली नाही, तक्रार केली नाही. कुंपणाबाहेर जी फुले पडली होती ती वेचली, आणि आत पडलेल्या फुलांकडे काट्यांतून पाहत थोडा वेळ उभी राहून निघून गेली. आतली फुले दुपारपर्यंत उन्हाने आंबली, त्यांना मुंग्या लागल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. वडील तीन दिवस ओसरीवरून हे पाहत होते. चौथ्या दिवशी उजाडण्याच्या आधी उठून त्यांनी आकडीने झाडाच्या दोन्ही अंगांचे काटे स्वतः ओढून काढले, हातावर ओरखडे उठले होते, आणि हळद लावीत असताना आई म्हणाली, "पण तिचा हक्क निस्तारपत्रकात लिहिला आहे का?" त्यावर वडील एवढेच बोलले : "पत्रकात सगळे कुठे लिहिलेले असते?" जन्मभर पत्रके लिहिण्यात गेलेल्या माणसाचे ते वाक्य होते.

त्या बाईने या गोष्टीचा पुढे कधी उच्चार केला नाही. मात्र आठ दिवसांनी ओसरीच्या कडेला पळसाच्या पानांचा एक द्रोण ठेवलेला आढळला. भाजलेल्या मोहात तीळ कुटून वळलेले चार गोळे त्यात होते. आईने ते देवापुढे ठेवले. देवघरात मोहाचे फूल जाण्याची ती पहिली वेळ, आणि गळालेल्या फुलांच्या बाबतीत पारिजातकाला जी सूट होती ती मोहाला केव्हा मिळाली, हे मला कधी कळले नाही. पण त्यानंतर दर चैत्रात एक मूठ मोह आमच्या देवघरात असे. दोघी समोरासमोर आल्या तरी फारसे बोलत नसत. परंतु आश्विनात पारिजातकाखाली बसलेली आई आणि चैत्रात मोहाखाली बसलेली ती बाई मी मनात शेजारी शेजारी मांडून पाहतो, तेव्हा त्यांच्या बसण्यात मला काही फरक दिसत नाही : तेच गुडघे, तोच टेकलेला डावा हात, तेच हलके टिपणे.

त्या बसण्याची आता मला भीतीही वाटते, हे लिहिले पाहिजे. ब्रह्मपुरीपासून ताडोब्यापर्यंतच्या आमच्या रानात वाघ आहेत, आणि मोह वेचावयास गेलेल्या बाईवर वाघाने झडप घातल्याची बातमी ज्या उन्हाळ्यात येत नाही असा उन्हाळा आता विरळाच. वाकून, खाली पाहत, पहाटेच्या धूसर उजेडात ती बसलेली असते. फुले दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पाचोळा पेटवितात आणि त्या आगी रानभर जातात. आमच्या मोहाखाली मी रोज संध्याकाळी स्वतः झाडून ठेवतो. गुडघे आता पूर्वीसारखे वाकत नाहीत, तरी झाडतो. झाडलेल्या भुईवर फूल लवकर सापडते, आणि लवकर सापडले म्हणजे बाई उजेड फुटल्यावर निघाली तरी चालते.

पहिली बाई गेली. तिच्यामागून तिची सून येऊ लागली, आणि गेली पाच वर्षे नात येते. ती बारावी झालेली आहे, पायात बूट घालून येते, आणि टोपल्याऐवजी नायलॉनची जाळी अंथरून ठेवते. फुले मातीला लागत नाहीत, भाव चांगला मिळतो, असे तिने मला समजावून सांगितले. चैत्राच्या सुरुवातीला एक दिवस फाटकाशी येऊन ती म्हणते, "गुरुजी, मोहा पडून राह्यला जी," आणि मी म्हणतो, "ऐकतो आहे रात्रीपासून."

यंदा त्याच दिवसांत जमिनीची मोजणी लागली होती. माझ्यानंतर मुलांमध्ये वाटणी सोपी जावी म्हणून अर्ज मीच केला होता. मोजणीदार तरुण होता, अदबशीर होता. उन्हाच्या आधी काम उरकावे म्हणून सकाळी सहालाच आला, आणि तीन बाजू भराभर बसवून पूर्वेच्या अंगाला मोहाखाली त्याने आपली तिपाई रोवली. जुन्या खरेदीखताची नक्कल त्याने दोनदा वाचली. मग यंत्रावरचे डोळे काढून मला विचारले, "काका, झाड आत धरू की बाहेर?"

मी लगेच उत्तर दिले नाही. वरून एक फूल सुटले आणि त्याच्या हातातील कागदावर पडले; त्याने ते उचलून, काय करावे न कळून, खिशाच्या तोंडाशी नेले आणि तेथेच हात थांबविला. पलीकडून, कुंपणाच्या मोकळ्या जागेतून, ती मुलगी जाळीची वळकटी काखेत मारून आत आली. तिने त्याच्याकडे पाहिले, यंत्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. आणि जाळी बाजूला ठेवून, उकिडवी बसून, आधी तिपाईच्या तीन पायांभोवतीची फुले वेचावयास लागली.